मावशीचे ड्रम

९ जून

खटपटे,

पत्राला उशीर झाला, पण कारण ऐकलंस तर रागावणार नाहीस. तुझा ड्रमसेट विकायचा राहिला.

झालं असं. तू गेल्याला सहा वर्षं होत आली. तुझ्या खोलीत तो सेट चादरीखाली उभा, पाहुणा येऊन बसावा आणि उठायचं नाव घेऊ नये तसा. तूच लिहिलं होतंस, विकून टाक, मला इथे खरा लाकडी सेट आहे, तो इलेक्ट्रॉनिक आता कोण वाजवणार. म्हणून मी आमच्या मिलच्या जुन्या टाइमकीपरच्या कानावर घातलं. त्याने गिऱ्हाईक पाठवलं. माणूस भला होता. म्हणाला, "जरा चालू करून दाखवा." मी जन्मात कधी चालू केला होता? बटण शोधण्यात पाच मिनिटं गेली. मग त्यानेच हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले, हातात काठी दिली आणि खुणेने सांगितलं, मारा. मी मारली.

मला ऐकू आलं.

तुला ठाऊकच आहे, तीस वर्षं चार-चार मागांच्या मध्ये उभी राहून माझे कान कामातून गेले. फोनवर माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी वाटतात, म्हणून तर आपला हा पत्रांचा संसार. समोरच्याचं बोलणं मी त्याच्या ओठांवरून उचलते आणि उरलेलं अंदाजाने भरते. या ठोक्याला अंदाज लागला नाही. नुसता ठोका, स्वच्छ, जसा मारला तसा. मी आणखी एक मारला. मग आणखी चार. गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागलं.

त्याला म्हटलं, विकायचा नाहीये. तो म्हणाला, "मग मला बोलावलंत कशाला?" म्हटलं, चालतोय की नाही ते बघायला. बिचारा चहा न घेता गेला.

आता मुद्द्याचं. मला त्रेसष्ट पूर्ण झाली आहेत. शिकता येईल का? पाच दिवस बसतेय. हात ऐकतात, पण पाय चालू केला की हात थांबतो आणि हात चालू केला की पाय रुसतो. एका चुलीवर दोन जावा. काय करू ते लिही. शेजारीपाजारी कुणाला काही कळत नाही, बाहेर आवाजच येत नाही ही मोठी सोय.

तुझी,
मावशी


१९ जून

प्रिय मावशी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा खोलीत एकटीच हसले. घरमालकीणबाईंनी दार वाजवून विचारलं, बरं आहे ना.

शिकता येईल. वय विसर. पण आधी एक गोष्ट, आणि ही ऐकायचीच: हेडफोनचा आवाज निम्म्याच्याही खाली ठेव. जे कान उरलेत ते तरी राखायला हवेत. ऐकू येतंय या आनंदात तू बटण पिरगाळत जाशील, मी तुला ओळखते.

आता पहिला पाठ. स्टूल एवढं उंच हवं की मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील. काठी मुठीत आवळू नकोस. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धर, बाकीची बोटं नुसती सोबतीला. ती रबरी चकतीवर आपटून आपणच उसळते, तिला उसळू दे. अडवलीस तर मनगट दुखेल.

पहिले चार दिवस पाय नाहीच. तोंडाने मोज, एक-दोन-तीन-चार. उजवा हात डावीकडच्या झांजेच्या चकतीवर, प्रत्येक आकड्याला. डावा हात मधल्या चकतीवर, फक्त दोनला आणि चारला. हे गप्पा मारता मारता जमायला लागलं की पाय घाल, फक्त एकला. मग एक आणि तीनला. पाय आणि हात भांडतात कारण तू दोघांनाही एकदम हुकूम देतेस. एकाला इतकं सवयीचं होऊ दे की त्याला हुकूम लागणार नाही.

आमच्या नाट्यगृहात नवा मोसम सुरू झालाय. रोज तालीम, वाद्यवृंद पूर्ण भरलेला, वेळ कसा जातो कळत नाही. म्हणून हे पत्र थोडक्यात.

तुझी,
खटपटी


११ जुलै

खटपटे,

पाय लागला. एकला आणि तीनला. पहिल्यांदा सलग बत्तीस वेळा जमलं तेव्हा मी उठून तुझ्या खोलीत एक चक्कर मारली, बक्षीस म्हणून.

सांगू का कसं जमलं? तू मोजायला सांगितलंस, मला मोजणं जमेना. मोजलं की चुकते. मग मी डोळे मिटले आणि मागावर उभी राहिले. मनात. धोटा इकडून तिकडे गेला की एक, तिकडून इकडे आला की दोन. त्या गडगडाटात कुणाचा माग बिघडतोय हे मला पायाच्या तळव्यांतून कळायचं, कान तर केव्हाच संपावर गेले होते. तसं केलं आणि पाय आपणच पडायला लागला. इतकी वर्षं नोकरी केली आणि शिकवणी फुकट झाली म्हणायची.

पण संकट आलंय. काल खालचे मास्तर वर आले. शाळेतून रिटायर होऊन सात वर्षं झाली, तरी अजून आधी हजेरी घेतात. बसा म्हटलं तर बसेनात. माझ्यासमोर नीट उभे राहून, सावकाश ओठ हलवत म्हणाले, "बाई, तुम्ही वर काही कुटता का?"

मी म्हटलं, छे, मी तर ड्रम वाजवते, त्याचा आवाज येत नाही.

"आवाज येत नाही," ते म्हणाले, "धक्का येतो."

पेडलचा धक्का ग. जमिनीतून थेट खाली. आणि खाली बरोबर त्या जागी मास्तरीणबाईंचा पलंग. त्यांचं कमरेचं ऑपरेशन झालंय, हलायची बंदी. महिनाभर त्या माझा एक आणि तीन पाठीवर झेलत होत्या आणि मास्तरांना म्हणत होत्या, असू दे, एकट्या आहेत, काहीतरी करत असतील. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी कसली, मला वाटलं तुम्ही कपडे धुताय. रोज इतके कपडे कसे निघतात तेवढंच कळत नव्हतं."

तेव्हापासून पाय बंद. पाय नसेल तर नुसतं हातांनी काय वाजवायचं, डाळीशिवाय फोडणी. बंद करू का सगळं? खरं सांग.

आणि तुमच्या नाटकाची जाहिरात पेपरात येत असेल ना? एखादं कात्रण पाठव. वादकांची नावं बारीक अक्षरात छापतात, मी चष्मा लावून शोधीन.

मावशी


२० जुलै

प्रिय मावशी,

बंद करू नकोस. माझीच चूक झाली, हे पहिल्या पत्रात सांगायला हवं होतं. हेडफोन कानांची सोय करतात, जमिनीची नाही.

यावर उपाय आहे. प्लायवुडच्या दोन फळ्या घे, सेट त्यावर मावेल एवढ्या. टेनिसचे पंधरावीस जुने चेंडू घे. प्रत्येकाचे दोन अर्धे कर. खालच्या फळीवर ते अर्धे पालथे ठेवून चिकटव, मधे वीतभर अंतर ठेवून. वर दुसरी फळी. त्यावर सेट. धक्का चेंडूंत जिरतो, जमिनीपर्यंत पोचत नाही. चेंडू कापताना मात्र जपून. मास्तरांना विचार, त्यांच्याकडे करवत आहे असं तूच एकदा लिहिलं होतंस.

मास्तरीणबाईंना माझा नमस्कार सांग.

तुझ्या पायाबद्दल: तिसरा ठोका घाईने पडतोय का बघ. नव्या माणसाचा पडतोच. एक म्हटल्यावर दोनला डावा हात पूर्ण खाली जाऊ दे, मगच तीनचा पाय. मी काल स्वतः करून पाहिलं.

कात्रण सापडलं तर पाठवीन. सध्या जाहिरातीत नुसती नटांची नावं असतात.

खटपटी


२८ ऑगस्ट

प्रिय मावशी,

सव्वा महिना झाला, तुझं पत्र नाही. मधे मी एक कार्ड टाकलं, त्यालाही उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना? फळ्यांवरून पडलीस बिडलीस तर नाही ना? दोन ओळी लिही, नाहीतर मास्तरांना लिहायला सांग. मला काळजी लागलीय.

खटपटी


६ सप्टेंबर

खटपटे,

मी ठणठणीत आहे. लिहिलं नाही कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. आता कळलंय असं नाही, पण तुझं काळजीचं पत्र आलं आणि गप्प बसणं बरं वाटेना.

पाच ऑगस्टला मास्तर मास्तरीणबाईंना तपासून घ्यायला तुमच्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. गाडीत जागा होती. मी म्हटलं, मीही येते, भाचीला चकित करते. दुपारचा खेळ असतो असं तू पूर्वी लिहिलं होतंस. थेट नाट्यगृहावर गेले. दाराशी तिकिटं फाडणारा होता, त्याला विचारलं, ड्रम वाजवणाऱ्या बाई कुठल्या दाराने येतात.

तो काहीतरी बोलला. मला वाटलं मी ओठ चुकीचे वाचले. म्हटलं, पुन्हा सांगा. त्याने पुन्हा सांगितलं, हाताच्या खुणा करून. "त्या गेल्या. वर्ष उलटून गेलं. आता मशीन वाजवतं, एक पोरगा बटण दाबतो." या वेळी नीट वाचता आलं.

मग तुझ्या पत्रावरच्या पत्त्यावर गेले. तुझ्या घरमालकीणबाई चांगल्या आहेत. त्यांनी चष्म्याचं दुकान दाखवलं. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. तू निळा एप्रन घालून एका म्हातारीच्या नाकावर चष्मा बसवत होतीस. काढलास, दांडी जरा वाकवलीस, पुन्हा बसवलास, दोन पावलं मागे जाऊन बघितलंस. म्हातारी आरशात बघून हसली. काम तू मनापासून करत होतीस, ते बघून मला वाईट वाटलं नाही. मग म्हातारी गेली, तू एकटीच काउंटरवर हात ठेवून उभी राहिलीस, आणि तुझी बोटं हलत नव्हती. सात वर्षांची असल्यापासून तुझी बोटं स्थिर असलेली मी पाहिली नव्हती. खटपटी नाव उगाच नाही पडलं.

मी आत आले नाही. आले असते तर तुला मान खाली घालावी लागली असती, आणि ती मला बघवली नसती. मास्तरांच्या गाडीत बसून परत आले. मास्तरीणबाईंनी वाटेत एक शब्द विचारला नाही. त्यांचे उपकार.

आता एक सांगते, आजवर सांगितलं नाही. तुझी आई गेली आणि तू माझ्याकडे आलीस तेव्हा मी एकोणचाळीसची. एकटा जीव सदाशिव, मिल आणि खोली. पोर कसं सांभाळायचं ते मला ठाऊक नव्हतं. तू महिनोन्‌महिने बोलली नाहीस. बोलली असतीस तरी मला ऐकू आलं नसतं, ते वेगळं. पण तू जेवणाच्या टेबलावर बोटांनी वाजवायचीस, आणि मी भाजी चिरताना एक हात टेबलावर ठेवायची. लाकडातून मला कळायचं, आज पोर बरी आहे, आज रागात आहे, आज आईची आठवण येतेय. शेजारणी म्हणायच्या, बाईने भाचीवर उपकार केले. मी ऐकू न आल्याचं सोंग करायची. उपकार कुणाचे कुणावर ते मला ठाऊक होतं. पाळी संपली की घरी जायला कारण तू दिलंस.

तू चष्मे बसवतेस याचा मला कमीपणा नाही. मी गणवेशाचं कापड विणलं, त्याखाली कुणी माझी सही मागितली नाही. फक्त एकच विचारते. पाठ तरी खरे होते ना?

मावशी


१५ सप्टेंबर

मावशी,

पाठ खरे होते. बाकीचं नव्हतं.

वाद्यवृंदाच्या प्रमुखाने मला नीट समोर बसवून सांगितलं होतं. वाईट माणूस नाही तो. म्हणाला, "मशीन आजारी पडत नाही आणि तालमीला उशिरा येत नाही. मी काय करू?" मी दोन्ही केलं होतं. मोठ्या खोलीतून छोट्या खोलीत आले, लाकडी सेट मावेना, तो विकला. तुला कळवायचं रोज उद्यावर ढकललं. तू दोन-दोन पाळ्या करून मला शिकवणी लावलीस, माझ्या परीक्षेला पहिल्या रांगेत बसलीस, काही ऐकू येत नसताना. तुला कसं लिहायचं की माझ्या जागी आता एक बटण आहे? वर्ष असंच गेलं. मग लिहिण्यापेक्षा खोटं सोपं झालं.

बोटांचं सांगते. चष्म्याची काच घासायच्या चाकावर धरलेली असताना बोट हललं तर काच वाया जाते, म्हणून मी ती सवय मोडली. पण तू चुकीचं वाचलं नाहीस. काच हातात नसतानाही ती हलत नव्हती.

पण हेही वाच. पहिला पाठ मी आठवणीतून लिहिला. तिसरा ठोका घाईने का पडतो, हे मात्र आठवेना. माझ्याच शरीरातलं उत्तर मला सापडेना. मग मी पलंगाच्या कडेला बसले, मांडीवर उशी घेतली, स्वयंपाकघरातले दोन लाकडी चमचे घेतले, आणि करून पाहिलं. चौदा महिन्यांनी. दहा मिनिटांत दोन्ही हात भरून आले. मी रडले, मग पुन्हा केलं. तेव्हापासून दुकानातून आले की उशी घेऊन बसते, तुझ्या पुढच्या प्रश्नाची तयारी म्हणून. तुला वाटत होतं तू शिकतेयस. तुझं पत्र आलं नाही त्या दिवसांत काय वाजवावं तेच मला कळत नव्हतं.

माफ कर. आणि रस्त्यापलीकडून बघून परत गेलीस त्याबद्दलही मी तुझी ऋणी आहे. आत आली असतीस तर मी आणखी एक खोटं बोलले असते, ते तयार होतं माझ्याकडे.

खटपटी


२ ऑक्टोबर

खटपटे,

माफ केलं. आता तो विषय पुन्हा काढायचा नाही, पत्राचा कागद वाया जातो.

मागच्या खेपेस जडजड गोष्टींत एक राहून गेलं. चेंडूंची फळी केव्हाच झाली. मास्तरांनी केली. चेंडू कापताना स्वतःचं बोट कापून घेतलं, पण मास्तरीणबाईंना सांगितलं की फळीचं कुसळ घुसलं. त्यांना कळलं नाही असं मास्तरांना वाटतं. फळी लावल्यावर तपासणी झाली. मास्तरीणबाईंना खुर्चीत बसवलं आणि मास्तर स्वतः त्यांच्या पलंगावर आडवे झाले, धक्का येतो का बघायला. ठरलं असं की आला तर मास्तर वर येऊन सांगतील. मी पंधरा मिनिटं मन लावून वाजवलं. कुणी वर येईना. खाली गेले तर मास्तर घोरत होते. मास्तरीणबाई म्हणाल्या, "यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुठून आणणार?"

आता ऐक. मी चार दिवस विचार केला. सेट तुझा आहे. मास्तर म्हणतात, सुटा करून तीन खोक्यांत बसेल, ते बांधून देतील. तुझ्या छोट्या खोलीतही मावेल, लाकडी सेटइतकी जागा त्याला लागत नाही. उशीवर वाजवायचं तुझं वय नाही. मी पुष्कळ वाजवलं, माझी हौस फिटली. एका शब्दाने कळव, खोकी लगेच निघतील.

मावशी


१७ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

हौस फिटली हे तू लिहिलंस त्या ओळीत तुझं अक्षर वाकडं झालंय. मला खरं काय ते विचारतेस आणि स्वतः असं करतेस.

सेट तिथेच राहू दे. मी मनापासून सांगतेय. आणि कारणही देते.

गेल्या आठवड्यात दुकानात एक बाई चष्म्याची काडी बदलायला आल्या. नृत्याचा वर्ग चालवतात. त्या थांबल्या होत्या आणि मी काउंटरवर वाजवत होते, माझ्या लक्षातही नव्हतं. आमचे मालक म्हणाले, "ही आमची मुलगी पूर्वी ड्रम वाजवायची." पूर्वी हा शब्द मला टोचला. मी म्हटलं, अजून वाजवते. तोंडातून निघून गेलं. बाई म्हणाल्या, त्यांच्या वर्गाच्या हॉलमध्ये एक जुना सेट पडून आहे, आणि रेकॉर्डवर नाचून मुलींना थांबायचं कुठे तेच कळत नाही, कारण रेकॉर्ड कुणासाठी थांबत नाही. रविवारी सकाळी येशील का?

गेले. अकरा मुली, सगळ्यात धाकटी सहा वर्षांची. दुसऱ्याच मिनिटाला माझी काठी हातातून निसटली आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेली. कुणी हसलं नाही, एकीने पळत आणून दिली. मग एक मुलगी गिरकी घेताना अडखळली, मी तिच्यासाठी अर्धा ठोका थांबले, ती सावरली, आणि आम्ही दोघी पुढे गेलो. कुणाला कळलंही नाही. तिला कळलं, तिने माझ्याकडे बघितलं. मावशी, नाट्यगृहात पाच वर्षांत असं कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं. दर रविवारी जायचं ठरलंय. चष्म्याचं कामही सोडत नाही, मला ते आवडतं.

हे सगळं तुझ्या पाच दिवसांच्या हौसेतून निघालं. तू त्या गिऱ्हाइकाला परत पाठवलंस म्हणून. कसे आभार मानायचे ते मला माहीत नाही, म्हणून पुढचा पाठ लिहिते. उजव्या हाताला आता आकड्यांच्या मधेही मारायचं, एक-आणि-दोन-आणि. पाय आणि डावा हात आहे तसेच. हळू. आठवडाभर हळूच.

पुढच्या महिन्याच्या शेवटी चार दिवस सुट्टी घेतलीय. येतेय. या वेळी मी चकित करणार नाही, आधीच सांगते, स्टेशनवर ये.

तुझी,
खटपटी


३० ऑक्टोबर

खटपटे,

येते स्टेशनवर. मास्तरही येणार म्हणतात, गाडी घेऊन. मास्तरीणबाई आता चार पावलं चालतात, त्या घरी थांबून दार उघडतील. तो मान त्यांना हवा आहे.

एक-आणि-दोन-आणि जमतंय, पण हळू म्हणजे किती हळू ते पुढच्या वेळी सांग. आमच्याकडे मतभेद आहेत. आमच्याकडे म्हणजे, गेल्या गुरुवारपासून आम्ही तिघी झालो आहोत. मिलमधली माझी शेजारच्या मागावरची आणि ती सुताच्या कांड्या भरणारी जाडी, तुला आठवत असेल, तुला बोरं आणून द्यायची ती. दोघींचे कान माझ्यासारखेच. चहाला आल्या होत्या, तासभर एकमेकींचे ओठ बघून दमलो, म्हणून मी जाडीच्या डोक्यावर हेडफोन ठेवला. तिने एकच ठोका मारला आणि काठी परत द्यायला तयार होईना. आता दर गुरुवारी येतात. पाळी लावलीय, घड्याळ लावून. भांडणं होतात. खूप दिवसांनी माझ्या घरात भांडणं होताहेत, फार बरं वाटतं.

दोघींनी तुला आशीर्वाद सांगितलेत. मीही सांगते, तोंडाने जमत नाही म्हणून लिहून: तू आलीस माझ्याकडे, ते फार बरं केलंस.

पुढचा पाठ जरा मोठ्या अक्षरात लिही. जाडीला बारीक दिसत नाही, आणि चष्मा कर म्हटलं तर ऐकत नाही. तू आलीस की तूच तिच्या नाकावर बसव.

मावशी